नाल्यापलीकडची जागा

मार्च सरत आला की आमच्या गल्लीतल्या गच्च्यांवर जुन्या साड्या अंथरल्या जातात आणि त्यांच्यावर कुरडया, खारोड्या, साबुदाण्याच्या पापड्या वाळत पडतात. कडुनिंबाला मोहोर आलेला असतो. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं, फक्त पाण्याचे टँकर तेवढे जात-येत असतात. बाकीच्यांना या दिवसांत गव्हाच्या चिकाचा वास येतो. मला चिकाबरोबर चुन्याचाही येतो. कळीचा चुना टिपाडात टाकून वर पाणी ओतलं की तो फसफसतो, टिपाड तापतं, आणि नाकात शिरणारी एक कोरडी वाफ वर येते. त्या वाफेनं डोळ्यांत पाणी येतं. दरवर्षी कुणीतरी म्हणतं, "ताई, जरा लांब उभं राहा." आणि दरवर्षी मी म्हणते, "चुन्यानं आलंय." तेवढं एक खोटं मला देवानं माफ केलं असावं.

आमच्या ख्रिस्ती मंडळीची एक रीत आहे. बाहेरच्या माणसाला ती विचित्र वाटते. झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, आम्ही सगळे कबरस्थानात जमतो. गवत उपटायचं, कबरी धुवायच्या, चुना द्यायचा. आठ दिवसांनी ईस्टरच्या पहाटे तिथंच उपासना असते, तेव्हा सगळं पांढरंशुभ्र दिसायला हवं. काम झालं की तिथंच जेवण. आणि जेवताना म्हाताऱ्या माणसांनी आपापल्या जागेवर बसायचं. आपली जागा म्हणजे जिथं पुढं आपल्याला ठेवतील ती. कुणी नवऱ्याशेजारी, कुणी आईच्या पायथ्याशी. दशमी, ठेचा, कांदा हातावर घेऊन मंडळी बसतात आणि शेजारच्या जागेवरच्या माणसाशी गप्पा मारतात. ही रीत कुणी पाडली ते आता कुणालाच सांगता येत नाही. दिनाबाई नावाच्या आमच्या एक म्हाताऱ्या आहेत, माझ्या सासूबाईंच्या मैत्रीण. त्या दरवर्षी बसल्या बसल्या कुरकुर करतात, "माझ्या जागेला मुंग्या लई हायत. आत्ताच चावून राह्यल्यात, मंग तर काय इचारूच नका."

चुना, कुंचे, टिपाड, पाणी, चहा, पेले ही माझी कामं. मी एमआयडीसीत बियाण्यांच्या एका कारखान्यात गोदाम सांभाळते. कुठं काय ठेवलंय हे लक्षात ठेवणं हेच माझं पोटापाण्याचं काम, आणि तो स्वभावही आहे. घरी स्वयंपाकघराच्या दारामागं यादी, पर्समध्ये यादी. मंडळीत कुणाचं लग्न असो की दफन, पहिला फोन मला येतो. लोक म्हणतात, ताई असल्या की काळजी नाही. मला ते ऐकायला आवडतं.

या वर्षी पाळकबाई म्हणाल्या, "शनिवारी जेवताना साक्ष तुम्हीच द्या. विषय साधा आहे. प्रभूनं आपल्याला मरणाच्या भीतीतून सोडवलं. राहेलबाईंच्या सूनबाई तुम्ही. तुमच्याइतकं कोण बोलणार?"

मी हो म्हटलं. कुठल्याही कामाला नाही म्हणायची मला सवय नाही. घरी येऊन यादीत लिहिलं: चुना, सुतळी, साखर, साक्ष. पहिल्या तीन गोष्टी त्याच दिवशी झाल्या.

खरं असं आहे की मला भीती वाटते. सकाळी लवकर फोन वाजला की माझे हात गार पडतात. रक्ताच्या तपासणीचं पाकीट आणते आणि उघडायला ह्यांच्याकडं देते. सरकारी दवाखान्याच्या मागच्या, शवागाराच्या फाटकावरून जायची वेळ आली तर मान दुसरीकडं वळवते. लहानपणापासून रविवारच्या शाळेत शिकले की ख्रिस्त मेला आणि उठला, आता मरणाची नांगी मोडलेली आहे. मी ते इतरांच्या मुलांना शिकवलंही. त्यावर माझा विश्वास नाही असंही नाही. विश्वास आहे. भीतीही आहे. दोघी एकाच घरात राहतात आणि एकमेकींशी बोलत नाहीत.

मयताच्या घरी सगळ्यात आधी मी का पोचते, हे कुणी कधी विचारलं नाही. सतरंज्या, पाणी, पेटीचं माप, पाहुण्यांना फोन. हातात काम असलं की चेहऱ्याकडं बघावं लागत नाही. पेटीचं झाकण लावायच्या वेळी मी हमखास चुलीपाशी असते. याला सगळे सेवा म्हणतात. म्हणू देते.

राहेलबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करायच्या. मूळच्या कुंभार पिंपळगावकडच्या. शरीर बारीक, आवाज मोठा. त्या वर्षी, त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यात, त्यांचं हृदय थकलंय असं डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आणि आम्ही ते त्यांना सांगितलं नव्हतं. घरात मरण हा शब्द काढायचा नाही असा नियम मी केला. म्हाताऱ्या माणसाला उगीच घोर कशाला, असं सगळ्यांना सांगितलं. टीव्हीवर कुणी मेल्याची बातमी आली की मी चॅनेल बदलायची. त्या माझ्याकडं बघायच्या.

कुरडयांचा दिवस होता. गच्चीवर त्या सोऱ्या फिरवत होत्या, मी साडीचे कोपरे दगडांनी दाबत होते. इतक्यात आमच्या तेव्हाच्या पाळकसाहेबांचा फोन आला. स्टीलच्या कारखान्यात काम करणारा झारखंडचा एक मुलगा काविळीनं गेला होता. पात्रस नाव. ख्रिस्ती होता; त्याच्या खोलीतले जोडीदार अधूनमधून आपल्या उपासनेला येऊन मागच्या बाकावर बसायचे. एवढ्या उन्हाळ्यात गावी नेणं शक्य नव्हतं. घरच्यांनी इथंच माती द्यायला होकार दिला होता. फक्त त्याच्या आईनं फोनवर एकच मागितलं होतं, पोराला एकटं ठेवू नका.

अडचण अशी होती की जुन्या कबरस्थानात जागा उरली नव्हती. नाल्यापलीकडचा नवा पट्टा मंडळीला नुकताच मिळाला होता आणि तिथं अजून कुणीच नव्हतं. नुसतं माळरान, एक बाभूळ. त्याला तिथं ठेवायचं म्हणजे एकटंच ठेवायचं. आत ज्या जागा रिकाम्या दिसत होत्या त्या बसणाऱ्यांच्या होत्या. त्यातली एक माझ्या सासऱ्यांच्या शेजारची.

"विचारू का राहेलबाईंना?" पाळकसाहेब म्हणाले.

"नको नको," मी म्हटलं. "त्यांच्यासमोर हा विषय नको. ती त्यांची जागा आहे. त्याला पलीकडं द्या ना. तिथं जागाच जागा आहे."

जागाच जागा आहे. गोदामात रिकाम्या रॅककडं बोट दाखवून मी हमालांना सांगते, तसंच सांगितलं. ते शब्द अजून माझ्या कानात आहेत, आणि आवाज माझाच आहे.

फोन ठेवला तेव्हा सोऱ्या थांबला होता.

"कोण गेलं?"

"कुणी नाही, आई."

"कुणी न्हाई, अन् पाळक जागा मागून राह्यले?"

मी अर्धंमुर्धं सांगितलं. कारखान्यातला मुलगा, बाहेरचा, पलीकडं ठेवतील.

"त्याची माय काय म्हणली?"

त्यांना कसं कळलं की आई काहीतरी म्हणाली असणार, ते मला आजवर उमगलेलं नाही. मी सांगितलं.

"अन् तू काय म्हणलीस?"

"मी म्हटलं, ती तुमची जागा आहे."

"माझी? सातबाऱ्यावर नाव हाय का माझं?" त्यांनी हाताला लागलेला चीक पातेल्याच्या काठाला पुसला. "देऊन टाक त्याला."

"पण आई, बाबांच्या शेजारी…"

"जलमभर ह्यांचं घोरणं ऐकलं मी. आता त्या पोराला ऐकू दे थोडं."

"आणि तुम्ही?"

"मी जाते की नाल्यापल्याड. मला काय भ्या? जो उठवायला येणार हाय, त्याला नाला आडवा येणार हाय का?" आणि मग माझ्याकडं नीट बघून, "फोन लाव पाळकांना. जल्दी लाव. पोरगं ताटकळून राह्यलंय तिकडं."

मी फोन लावला. बोलल्या त्या. मी खाली जाऊन उगीच भांडी आवरत बसले. आम्ही महिनाभर जे त्यांच्यापासून लपवत होतो ते त्यांना ठाऊक होतं, आणि मला वाईट वाटू नये म्हणून त्याही लपवत होत्या, हे मला त्या दिवशी कळलं. मोरीत उभी राहून मी एकच पातेलं पुन्हा पुन्हा घासलं.

संध्याकाळी ऊन कलल्यावर माती दिली. पात्रसचे चार-पाच जोडीदार होते, धुतलेले शर्ट घालून आलेले. त्यातला सुशील नावाचा मुलगा मोबाइल उंच धरून उभा होता, गावाकडं आईला ऐकू जावं म्हणून. त्यांनी त्यांच्या बोलीत गीत धरलं. शब्द आम्हाला कळत नव्हते, पण चाल आमचीच होती, दर मयताला आम्ही म्हणतो तीच. पहिली ओळ झाल्यावर सासूबाईंनी मराठीतून आवाज लावला, मग बाकीच्यांनी. एका खड्ड्याभोवती दोन भाषा एकाच चालीवर चालल्या होत्या.

मी कुठं होते? फाटकापाशी. चहाच्या पातेल्याजवळ. पेटी उघडी होती तेव्हा सासूबाईंनी हाक मारली होती, "ये गं, बघ की त्याला. त्याच्या मायच्या वाटचं तरी बघ."

"आई, चहा उतू जाईल," मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा बोलावलं नाही. स्वतः वाकून त्या मुलाच्या कपाळावर हात ठेवला, केस सारखे केले. एवढं मला लांबून दिसलं. त्याचा चेहरा मला माहीत नाही. आज त्याच्या कबरीला चुना मी देते, गेली कित्येक वर्षं देते, बाबांच्या कबरीआधी त्याच्या कबरीला देते. पण चेहरा विचाराल तर सांगता येणार नाही.

माती सारून झाल्यावर सासूबाईंनी सुशीलकडून मोबाइल घेतला आणि आपल्या हिंदीत बोलल्या, "बाई, फिकर नक्को करो. मेरे घरवाले के बाजू में है तुम्हारा बच्चा. बहुत अच्छे आदमी थे. खाली घोरते थे."

पलीकडं रडणं चाललं होतं. मग काहीतरी विचारलेलं ऐकू आलं. सुशील म्हणाला, "पूछ रही है, वो जगह किसकी थी."

"बोल, उसकीच थी," सासूबाई म्हणाल्या.

परतताना रिक्षात त्या दमल्या होत्या, पण खुशीत होत्या. उतरताना म्हणाल्या, "कुरडया झाकल्या का गं? दव पडंल." उन्हाळ्यात कसलं दव. मला हसवायला बोलत होत्या.

आमच्या कारखान्यात बियाण्याची उगवण तपासतात. ओल्या कागदात दाणे गुंडाळून ठेवायचे आणि ठरलेल्या मुदतीनं उघडून बघायचे. उगवलेले वेगळे, मेलेले वेगळे. मूग-उडदात आणखी एक प्रकार निघतो. दाणा जिवंत असतो, चांगला असतो, पण कवच इतकं टणक की पाणी आतच शिरत नाही. बाकीच्यांना मोड आलेले असतात आणि हा ओल्या कागदात आहे तसाच, कोरडा, चकचकीत. प्रयोगशाळेतली मुलगी त्याला चिमट्यानं बाजूला काढते तेव्हा मी सहसा तिथून निघून जाते. इतकी वर्षं मी मंडळीत आहे. इतकी गीतं, इतकी प्रभुभोजनं.

मृग लागायच्या आधीच सासूबाई गेल्या. दवाखान्यात दुपारची वेळ होती, पंखा हळू फिरत होता. त्यांनी मला विचारलं, "चालले का गं मी?"

मी म्हटलं, "काहीतरीच. उद्या सोडणार आहेत." आणि उठून सलाईनची बाटली बघायला लागले, ती व्यवस्थित चाललेली असताना.

"इकडं ये," त्या म्हणाल्या. "हात दे. तू भिऊन राह्यलीस."

मी हात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला आणि अंगठ्यानं वरून चोळत राहिल्या, तापातल्या लेकराचा चोळतात तसा. प्रार्थनाही त्यांनीच केली. त्या प्रार्थनेत त्यांनी स्वतःसाठी काहीही मागितलं नाही. म्हणाल्या, "प्रभू, हिचं भ्या काढ." आमेन मला म्हणता आलं नाही. थोड्या वेळानं ह्यांना आत बसवून मी औषधं आणायला बाहेर पडले, आणि परत आले तेव्हा सगळं झालेलं होतं.

लोक म्हणतात, किती शांत मरण आलं. हो, आलं. पण जाणाऱ्या माणसाच्या हातात जो शेवटचा जोर होता, तो माझी समजूत घालण्यात गेला. तो हात मी धरायला हवा होता. उलटं झालं.

दफन मी अगदी वेळेवर पार पाडलं. मंडप, पाणी, गीतांचे कागद, लांबच्या पाहुण्यांची जेवणं. "सगळं कसं बराबर झालं," जो तो म्हणाला. नाल्यावर तात्पुरती फळी टाकून त्यांना पलीकडं नेलं. बाभळीजवळ, पाय पूर्वेला. तिथं त्या पहिल्या. ते वर्षभर त्या तिथं एकट्याच होत्या. कामावरून घरी येताना रस्त्यावरून तो पट्टा दिसतो. पावसाळ्यात गवत कमरेएवढं झालं, कबर दिसेनाशी झाली, आणि मी गाडी थांबवली नाही. त्यांनी एका अनोळखी पोराला एकटं पडू दिलं नाही आणि मी त्यांना पडू दिलं. ह्यांना असं काही वाटत नाही. हे म्हणतात, "आई तिथं थोडीच आहे?" माझ्या नवऱ्याचा विश्वास आईवर गेलाय. माझं मन मात्र तिथंच अडकतं, त्या गवतात.

आता पलीकडं चांगली वस्ती झाली आहे. दिनाबाईंचे यजमान तिथं आहेत, म्हणून दिनाबाईंची जागाही तिथं, मुंग्यांसकट. सासूबाईंच्या एका बाजूला आमचे हे गेल्या दोन वर्षांपासून बसायला लागले आहेत, मांडी ठोकून, कांदा फोडून. दुसरी बाजू रिकामी आहे. ती कुणाची, हे मला कुणी विचारलेलं नाही. मी तिकडं वाढायला जाते आणि वाढून परत येते.

या शनिवारी चुना देऊन झाला. बाबांची कबर, पात्रसची कबर, मग फळीच्या जागी आता झालेल्या छोट्या पुलावरून पलीकडं सासूबाईंची. ऊन चढलं होतं. पाळकबाईंनी सगळ्यांना बाभळीपाशी बोलावलं आणि म्हणाल्या, "आता ताई साक्ष देतील."

मी पाठ करून आले होते. सुरुवात, मधला भाग, शेवट, सगळं. पात्रसची गोष्ट सांगायची, सासूबाईंचं ते नाल्याचं वाक्य सांगायचं, लोक हसतील, मग म्हणायचं की त्यांच्यासारखीच मीही आता निर्भय आहे. कोपरापर्यंत चुन्यानं हात पांढरे झालेले, डोक्यावर पदर. समोर सगळे दशम्या हातावर घेऊन बसलेले; ज्यांच्या जागा इथं, ते आपापल्या जागी. माझ्या बाजूला सासूबाईंची कबर, अजून ओली.

"प्रभूनं राहेलबाईंना मरणाच्या भीतीतून सोडवलं," मी म्हटलं. "ते मी डोळ्यांनी बघितलं. मला…"

पुढचं वाक्य तयार होतं. ते आलं नाही.

"मला अजून वाटते," मी म्हटलं. "भीती. लई वाटते. आईंनी शेवटी माझ्यासाठी प्रार्थना केली, आणि ती अजून पुरी झालेली नाही. एवढंच सांगायचं होतं."

पाळकबाई हातातल्या गीतांच्या वहीकडं बघत राहिल्या. ह्यांनी तोंडातला घास तसाच ठेवला होता. रस्त्यावरून एक टँकर गेला, त्याचा आवाज बराच वेळ पुरला.

मग दिनाबाई बोलल्या. "राहेलीला ठाऊक व्हतं ते. मला म्हणली व्हती, सून माझी लई गुणाची, पण एका जागी बसंना. भ्या वाटतं म्हणून पळून राह्यली." त्यांनी हातातल्या दशमीनं माझ्या पायांशी खूण केली. "मंग उभी कशाला? बस की खाली."

"इथं?"

"मंग काय माझ्या मुंग्यांत बसतीस?"

लोक हसले. मी पण हसले असेन. आणि बसले. सासूबाईंच्या दुसऱ्या बाजूला, रिकाम्या जागेवर, पाय पूर्वेला करून. जमीन चांगलीच तापलेली होती, साडीतून चटका बसला. कबरीचा ओला चुना कोपराला लागला. बसल्यावर समोर नाला दिसतो, पूल दिसतो, आणि पलीकडं बाबांची कबर आणि तिच्या अंगाला चिकटून पात्रसची. इथून त्या दोन कबरी इतक्या जवळ दिसतात हे मला माहीत नव्हतं. नाला तर फारच अरुंद आहे.

"गेलं का भ्या?" दिनाबाईंनी विचारलं.

"नाही."

"ऱ्हाऊ दे मंग. जेव."

ह्यांनी कबरीवरून हात लांब करून अर्धी दशमी माझ्या हातावर ठेवली. फाटकापाशी चुलीजवळ गोंधळ चाललेला ऐकू येत होता. कुणीतरी ओरडलं, "ताई, पेले कुठं ठेवले?"

मला माहीत होतं. निळ्या पिशवीत, साखरेच्या खाली.

"बघा तिथंच कुठंतरी," मी म्हटलं, आणि बसून राहिले.